शेजाऱ्याचा रकाना

बँकेत छत्तीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. नवी इमारत दिसली की तिचं रूप नंतर दिसतं, आधी तिची फाइल दिसते. मालकाने पदरचे किती घातले असतील, कर्ज किती, तारण काय, हप्ता कितीचा, असे प्रश्न मनात रांग लावून उभे राहतात. नोकरी करता करता कादंबऱ्या लिहिल्या, निवृत्तीनंतर तर पूर्ण वेळ तोच उद्योग आहे. पण खोड गेली नाही. आमची ही म्हणते, ताजमहालासमोर उभे केलेत तरी तुम्ही शहाजहानची परतफेडीची ऐपतच मोजत बसाल!

ही खोड मला गेल्या उन्हाळ्यात शिकागोत फार छळून गेली. लेक तिथे राहते. आता ती दूरच्या उपनगरात आहे. पण शिक्षण संपवून नोकरीला लागली तेव्हाची पहिली पाच वर्षं ती लेकव्ह्यू नावाच्या वस्तीत राहायची. तिथून दोन गल्ल्या ओलांडल्या की रिग्ली फील्ड. बेसबॉलचं मैदान. शंभरहून अधिक वर्षांचं. "बाबा, जुनी गल्ली बघून येऊ," असं ती म्हणाली आणि आम्ही निघालो. गल्ली सापडली. गल्लीतलं फारसं काही सापडलं नाही.

वाचकांपैकी अनेकांना बेसबॉलशी देणंघेणं नसेल. मलाही नव्हतं. एवढंच सांगतो की आपल्याकडे चेंडू सीमेपार गेला की जसा षटकार, तसा तिथला 'होम रन'. आणि या मैदानाची भिंत आणि बाहेरचा रस्ता इतके चिकटून आहेत, की जोरदार फटका थेट रस्त्यावर येऊन पडतो. आजूबाजूला मोकळी जमीन नाही, मोटारींसाठी मैलभर पसरलेला डांबरी माळ नाही. क्लार्क, ॲडिसन, शेफिल्ड आणि वेव्हलँड या चार रस्त्यांच्या बेचक्यात, तीन-तीन मजली विटांच्या घरांच्या मधोमध हे मैदान बसलं आहे. आपल्या जुन्या गावात वाड्यांच्या दाटीत देऊळ असतं ना, तसं.

१९१४ साली चार्ल्स वीघमन नावाच्या खानावळवाल्याने आपल्या संघासाठी ते बांधलं. झॅकरी टेलर डेव्हिस हा त्याचा वास्तुरचनाकार. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. १९१६ पासून 'शिकागो कब्ज' हा संघ तिथे खेळू लागला. च्युइंगगमचे कारखानदार रिग्ली यांच्याकडे संघाची मालकी आली आणि त्यांचं नाव मैदानाला लागलं. १९३७ मध्ये मागच्या विटांच्या भिंतीवर वेल चढवले गेले आणि हाताने आकडे बदलायचा धावफलक उभा राहिला. तो आजही हातानेच चालतो. सामना संपला की त्या फलकावरच्या काठीवर झेंडा चढतो. जिंकले तर पांढऱ्यावर निळं अक्षर, हरले तर निळ्यावर पांढरं. जवळून जाणाऱ्या लोकलमधल्या माणसाला खिडकीतूनच निकाल कळतो.

मी हे मैदान पहिल्यांदा पाहिलं २०१२ मध्ये. त्या वर्षी कब्ज १६२ पैकी १०१ सामने हरले होते, त्यामुळे निळा झेंडाच जास्त दिसला. पण वस्तीला त्याचं काही वाटत नव्हतं. लेकीच्या घरात खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. सामन्याच्या दिवशी त्या पायरीवर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गर्दीवर शेरे मारत. आमच्या आळीतल्या ओट्यावरच्या बायकांची आठवण यावी! त्यांनी मला सांगितलं, पूर्वी आम्ही समोरच्या घराच्या गच्चीवर खुर्च्या घेऊन जायचो, घरून सँडविच न्यायचो, तिथून मैदानातला सगळा खेळ दिसायचा. कोणी तिकीट मागत नसे. मग कोपऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "आता तिथे लोखंडी बाकं आहेत आणि तिकीट आतल्यापेक्षा महाग आहे."

त्याच आजीबाईंनी तळघरातून एक फलक आणून दाखवला. ऐंशीच्या दशकातला. दिवे नकोत, एवढाच त्याचा मजकूर. त्या फलकामागे जी कथा आहे, ती मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते.

इतर मोठ्या संघांची सारी मैदानं १९४८ पर्यंत विजेच्या दिव्यांखाली आली होती. रिग्ली फील्डवर मात्र खेळ उन्हातच चाले. खरं तर दिव्यांसाठी पोलाद आणूनही झालं होतं. पण १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बर घडलं आणि मालकाने ते पोलाद युद्धासाठी देऊन टाकलं. पुढे चाळीस वर्षं तो विषय मागे पडला. १९८१ मध्ये संघ ट्रिब्यून या वृत्तपत्र कंपनीने विकत घेतला आणि दिव्यांची भाषा पुन्हा सुरू झाली. वस्तीने संघटना काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून संघाचंच नाव तयार होत होतं. म्हणजे विरोधही प्रेमातूनच होता. राज्याने आवाजाचा कायदा केला, शहराने रात्रीच्या सामन्यांवर बंदी घातली, कंपनी कोर्टात गेली आणि १९८५ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. मग नेहमीचं अस्त्र बाहेर आलं: आम्ही मैदान सोडून उपनगरात जाऊ.

शेवटी १९८८ मध्ये तडजोड झाली. त्या वर्षी रात्रीचे आठ सामने, पुढे दरवर्षी अठरा. बदल्यात वस्तीला काही वचनं मिळाली. सामन्याच्या रात्री गल्लीत मोटारी रहिवाशांच्याच लागतील, कचरा उचलला जाईल, बीअरची विक्री ठराविक वेळेला बंद होईल. ८ ऑगस्ट १९८८ ला दिवे लागले आणि चौथ्या डावातच मुसळधार पाऊस येऊन सामना धुऊन गेला. आजीबाई हसून म्हणाल्या, "देवाचंही मत आमच्यासारखंच होतं." पहिला पूर्ण सामना दुसऱ्या रात्री झाला.

आता माझ्यातला बँकवाला काय म्हणतो ते सांगतो. या भांडणात वस्ती हरली असं वरवर दिसतं, कारण दिवे लागलेच. पण त्या भांडणाने एक गोष्ट कायमची झाली. मैदानाच्या मालकाला काही करायचं असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय होत नाही, हा पायंडा पडला. २००४ मध्ये रात्रीचे सामने वाढवून तीस झाले, तेव्हाही बोलणी झाली. त्याच वर्षी शहराने मैदानाचा धावफलक, वेलींची भिंत, प्रवेशद्वारावरची लाल पाटी यांना वारसा म्हणून संरक्षण दिलं. २००५-०६ मध्ये मागची उघडी बाकं वाढवून सुमारे अठराशे जागा केल्या, त्या पदपथाच्या वर झुकल्या. पण तेही बरीच वर्षं घासाघीस झाल्यावर.

गच्च्यांचं प्रकरण मात्र वेगळ्या वळणाने गेलं, आणि तिथे वस्तीचीही बाजू सरळ नाही. आजीबाईंच्या खुर्च्या जाऊन गच्च्यांवर धंदा उभा राहिला. १९९८ पासून शहर त्याला रीतसर परवाने देऊ लागलं. घरं विकत घेऊन वर लोखंडी सज्जे बांधणारे हे लोक शेजारी की दुकानदार? संघाचं म्हणणं होतं, आमचा खेळ हे लोक आमच्या डोळ्यांदेखत विकतात. २००२ मध्ये त्यांनी दावा लावला. २००४ मध्ये समेट झाला: गच्चीवाल्यांनी एकूण उत्पन्नाचे सतरा टक्के संघाला वीस वर्षं द्यायचे. कर्ज देणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा झकास करार होता. वीस वर्षांची शाश्वती म्हटल्यावर कुठलीही बँक सज्ज्यावर कर्ज देईल. दिलंही.

२००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ विकत घेतला. मैदान मोडकळीला आलं होतं हे खरं आहे. २००४ मध्ये वरच्या मजल्याच्या सिमेंटचे तुकडे खाली पडले होते आणि जाळ्या बांधाव्या लागल्या होत्या. सार्वजनिक पैसा मिळवायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग २०१३ मध्ये पन्नास कोटी डॉलर्सचा बेत जाहीर झाला. त्यातले तीस कोटी मैदानावर आणि उरलेले भोवतालावर: हॉटेल, मोकळा चौक, कार्यालयं. त्या जुलैत शहराने मंजुरी दिली. पदपथाच्या काही भागावर भिंती सरकल्या, डाव्या बाजूला ४२ फूट उंच आणि ९५ फूट रुंद विजेचा पडदा उभा राहिला आणि गच्च्यांपुढचं आभाळ झाकलं गेलं. गच्चीवाले फेडरल कोर्टात गेले, हरले. २०१७ मध्ये अपिलातही हरले. कारण करारातच एक कलम होतं, सरकारी मंजुरीने झालेल्या विस्ताराला करारभंग मानू नये असं. करार वाचताना छोटी अक्षरं मोठ्या चष्म्याने वाचावीत, हे मी हजारो कर्जदारांना सांगितलं असेल. कोणी ऐकत नाही, तिथेही नाही. कर्जात अडकलेल्या काही गच्च्या मालक कुटुंबानेच घेतल्या, मग आणखी घेतल्या, आणि आज बहुतेक त्यांच्याच आहेत.

मी दुसऱ्यांदा गेलो तो २०१८ मध्ये. क्लार्क रस्त्यापलीकडे नवं हॉटेल नुकतंच उघडलं होतं. नाव 'हॉटेल झॅकरी', त्या जुन्या वास्तुरचनाकाराचं. मैदानाला लागून चौक झाला होता, हिरवळ होती, मुलं खेळत होती, एरवीच्या दिवशी तिथे बाजार भरतो, थंडीत बर्फावर घसरायची सोय होते. खोटं कशाला बोलू, चौक छान आहे. २०१६ मध्ये कब्ज १०८ वर्षांनी विश्वविजेते झाले होते आणि सगळ्या वस्तीवर त्याचं तेज होतं. पण लेकीची गल्ली बदलली होती. तिचं घर ज्या मालकाचं होतं त्याने ते विकून टाकलं होतं. नव्या मालकाने भाडं इतकं वाढवलं, की आधीच्या वर्षीच तिला निघावं लागलं. आजीबाईही निघाल्या होत्या, मुलाकडे, दुसऱ्या राज्यात. कोपऱ्यावरची लहान दुकानांची रांग जाऊन तिथे दुकानं, व्यायामशाळा आणि सदनिका असलेली एक लांबलचक इमारत उभी राहिली होती.

मी लबाडी करणार नाही. भाडं वाढलं ते एकट्या मैदानामुळे, असं मी सिद्ध करू शकत नाही. शिकागोच्या उत्तर भागात भाडी तशीही वाढतच होती. आणि दुसरी गोष्ट. मैदान १९१४ पासून तिथे आहे. स्मशानाला लागून घर घ्यायचं आणि रडण्याचा आवाज येतो म्हणून तक्रार करायची, हे बरं नाही. हा मुद्दा संघाचे लोक नेहमी मांडतात आणि त्यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं असं: ज्यांनी १९७५ मध्ये तिथे घर घेतलं, त्यांनी वर्षातून ऐंशी-एक्क्याऐंशी दुपारच्या सामन्यांशेजारी घर घेतलं होतं. रात्रीचे चाळीसेक सामने, गाण्यांच्या मैफली, हॉटेल आणि विजेचा पडदा यांच्याशेजारी नाही. शेजार एकदा पत्करला म्हणजे शेजाऱ्याची वाढ कायमची पत्करली, असं होत नाही. मूल दत्तक घेतलं म्हणून पुढे आलेली सगळी वरात घरात घ्यावी लागते काय?

मग काय, मैदान पाडायला हवं होतं? मुळीच नाही. आणि इथे त्या वास्तुरचनाकाराचं नाव दुसऱ्यांदा येतं. झॅकरी डेव्हिसने याच शहरात, दक्षिण भागात, १९१० मध्ये आणखी एक मैदान बांधलं होतं. कॉमिस्की पार्क. दुसऱ्या संघाचं, 'व्हाइट सॉक्स'चं. त्या मालकांनीही शहर सोडायची धमकी दिली, तेव्हा राज्याने सरकारी पैशातून रस्त्यापलीकडे नवं मैदान बांधून दिलं. १९९१ मध्ये ते उघडलं आणि जुनं पाडलं गेलं; आज तिथे मोटारी उभ्या राहतात. नव्या मैदानासाठी जी घरं पाडली, ती बहुतेक काळ्या, साध्या माणसांची होती. ती माणसं कोर्टात गेली; पण घरं वाचली नाहीत.

एकच शहर, एकच वास्तुरचनाकार, दोन मैदानं. उत्तरेला वकील, शिक्षक, नगरसेवकाला फोन करू शकणारी माणसं. त्यांना करार मिळाला. दक्षिणेला फोन उचलून घ्यायलाच कोणी नाही. त्यांना बुलडोझर मिळाला. म्हणून मी म्हणतो, रिग्ली फील्ड आज उभं आहे त्याचं श्रेय मालकांच्या पैशाला जितकं आहे, तितकंच शेजाऱ्यांच्या हट्टाला आहे. दिवे नकोत म्हणणाऱ्यांनी, पदपथ देणार नाही म्हणणाऱ्यांनी त्या मैदानाला त्याच्या जागी आणि त्याच्या मापात डांबून ठेवलं. आता लांबून माणसं येतात ती नेमकं तेच जुनेपण बघायला. २०२० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झालं. शेजाऱ्यांच्या आडमुठेपणातून जमलेलं हे भांडवल, पण ताळेबंदात ते मालकाच्या बाजूला दिसतं.

बॉस्टनलाही असंच घडलं. तिथलं फेनवे पार्क १९१२ चं. १९९९ मध्ये ते पाडून शेजारीच नवं बांधायचा बेत होता. गावकरी अडून बसले. २००२ मध्ये आलेल्या नव्या मालकांनी जुनंच वाढवायचं ठरवलं आणि २००३ मध्ये सदतीस फुटी हिरव्या भिंतीच्या डोक्यावर बाकं मांडली. आज त्याच जागा लोक सर्वांत आधी मागतात. जुन्या वास्तूत वाढ करता येते. अक्कल लागते आणि थांबायची तयारी लागते.

वाढीचा आणखी एक हिशोब असतो: जागा वाढल्या, पण कोणासाठी? रिग्ली फील्डच्या पोटात आता श्रीमंतांसाठी आलिशान क्लब आहेत. आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने संघावर दावा लावला, की एवढ्या खर्चाच्या नूतनीकरणात चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांना मात्र नीट जागा दिल्या नाहीत. पुढे तडजोड होऊन सुधारणा मान्य झाल्या. पण तक्रार व्हावी लागली. विस्तार म्हणजे सगळ्यांसाठी ऐसपैस, असं आपण धरून चालतो. तसं आपोआप होत नाही.

आणि भिंतीबाहेरची ती पोरं! वेव्हलँड रस्त्यावर हातमोजा घालून होम रनचा चेंडू झेलायला उभे राहणारे लोक असत. 'बॉलहॉक' म्हणत त्यांना, चेंडूवरचे ससाणे. पोरं कसली, काही चांगले पन्नाशीचे होते. आतल्या खेळाची गंमत बाहेर फुकट सांडायची ती ते टिपायचे. बाकं वाढली, पडदे आले आणि रस्त्यावर पडणारे चेंडू कमी झाले. २०१२ मध्ये मी तिथे घोळका पाहिला होता. या खेपेला दोघं दिसले. कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा तोटा लिहिलेला नसणार. शहर म्हणजे काय, तर असं फुकट सांडलेलं काहीतरी, असं माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटतं. सगळं आतच जिरवायचं ठरवलं, की रस्ता म्हणजे नुसता येण्याजाण्याचा मार्ग उरतो.

आता मला एक कबुली द्यायची आहे. त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

१९९४ ची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावात एक जुनं मंगल कार्यालय होतं. त्याच्या मालकाला ते वाढवायचं होतं. मोठा हॉल, जेवणासाठी शेड, जनरेटर. प्रस्ताव चोख होता. लग्नतिथी मोजून उत्पन्न काढलं होतं, तारण भक्कम होतं. मी शिफारस केली, कर्ज मंजूर झालं. कार्यालयाच्या भिंतीला लागून एका निवृत्त शिक्षकांचं घर होतं. गुरुजी एक दिवस बँकेत आले. छत्री कोपऱ्यात टेकवून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "साहेब, जनरेटर माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येतोय. मंडळी आजारी असते. हरकत घ्यायची असेल तर कुठल्या खिडकीत घ्यायची?"

मी नम्रपणे सांगितलं, "गुरुजी, बँकेचा याच्याशी संबंध नाही. आपण नगरपालिकेत जा." ते गेले. तिथे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. कार्यालय झोकात चाललं, कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही. दोन वर्षांनी मालक पुन्हा आला. गुरुजींचं घर तो विकत घेत होता, स्वयंपाकघर आणि वाहनतळासाठी. त्यालाही मी कर्ज दिलं. फाइल स्वच्छ होती. विकणारा राजीखुशीने विकतोय असं कागदोपत्री लिहिलेलं होतं आणि खाली गुरुजींची सुबक, शाळामास्तरी सही होती. त्या वर्षी आमच्या शाखेला वसुलीसाठी ढाल मिळाली.

त्या छापील अर्जात रकाने पुष्कळ होते. जमीन, इमारत, यंत्रसामग्री, बाजारपेठ, स्पर्धक, परतफेड. शेजारी नावाचा रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी विचारलं नाही, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं दिली. क्लार्क रस्त्यावरच्या हॉटेलसमोर उभा राहिलो आणि ती सबब संपली. कारण तिथे मला दिसलं की रकाना असू शकतो. एका वस्तीने तो भांडून तयार करून घेतला होता. अपुरा होता, उशिरा होता; गच्च्यांच्या बाबतीत तर तो शेजाऱ्यांनीच विकून खाल्ला. पण होता.

म्हणून माझं मत सांगतो आणि संपवतो. जुनं मैदान असो, देऊळ असो की कार्यालय, वाढायचा हक्क त्याला आहे. जिवंत गोष्ट वाढणारच, आणि जी वाढत नाही ती बहुधा पाडली जाते. पण वाढीची किंमत जो मोजतो तो मंजुरीच्या कागदावर पक्षकार असला पाहिजे. हरकत नसल्याचा दाखला देणारा नव्हे, अटी घालणारा पक्षकार. त्या अटी लेखी असाव्यात, ठराविक वर्षांनी पुन्हा तपासल्या जाव्यात, आणि संघ विकला, मालक बदलला तरी नव्या मालकावर बंधनकारक असाव्यात. सार्वजनिक रस्त्याचा हातभर तुकडा जरी घेतला, तरी त्याचा मोबदला त्याच रस्त्यावर खर्च व्हावा. आणि हा हक्क शेजारी वकील आहे की मजूर, त्याचा नगरसेवक फोन उचलतो की नाही, यावर अवलंबून नसावा. नाहीतर उत्तरेला करार आणि दक्षिणेला बुलडोझर, हे चालूच राहील; शिकागोतही आणि तालुक्याच्या गावीही.

त्या संध्याकाळी सामना संपायला रात्र झाली. गर्दी गाणी म्हणत बाहेर पडली. दिव्यांच्या उजेडात फलकावर पांढरा झेंडा चढला. "जिंकले, बाबा," लेक म्हणाली. मी जुन्या पायरीकडे पाहत होतो. तिथे खुर्ची नव्हती. गुरुजींनी विचारलेली ती खिडकी मला तेव्हा सापडली नव्हती. कारण ती मीच होतो, आणि बंद होतो.